मुरमांच्या खड्ड्यांवर लेझर आणि पीआरपी : पॅकेज घेण्याआधी गालावरचे खड्डे ओळखा

प्रश्न : मी कागलची, वय २६. पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटी विभागात नोकरी करते, रोज दुचाकीवरून जाणं-येणं. कॉलेजपासून खूप मुरमं होती. आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्यांचा कोर्स आठ महिन्यांपूर्वी संपला. आता नवीन मुरमं क्वचितच येतात, पण दोन्ही गालांवर आणि कानशिलांवर खड्डे राहिलेत. कोल्हापुरात एका ठिकाणी लेझर अधिक पीआरपी (म्हणजे स्वतःच्याच रक्तातून काढलेला प्लाझ्मा) अशा सहा सिटिंगचं पॅकेज सांगितलं आहे. वैशाखात लग्न ठरलंय, म्हणून गणपती झाले की सुरू करावं असं मनात आहे. दोन्ही एकत्र केल्यानं खरंच फरक पडतो का? चेहरा काळा पडेल, अशी आईला भीती वाटते.

उत्तर : फरक पडतो. पण त्यातला मोठा वाटा लेझरचा असतो आणि लहान वाटा पीआरपीचा. दोघांच्याही आधी पाहायला हवी ती खड्ड्यांची जात. पॅकेज सांगणाऱ्यांनी तुमचा गाल बोटांनी ताणून पाहिला का? दिवा समोरून न धरता बाजूने धरून पाहिला का? पत्रात तसं काही दिसत नाही, म्हणून मी तिथूनच सुरुवात करते.

दबलेले व्रण साधारण तीन प्रकारचे असतात आणि बहुतेकांच्या चेहऱ्यावर तिन्ही मिसळलेले असतात. पहिला प्रकार अरुंद आणि खोल. तोंड दोन मिलिमीटरपेक्षा लहान, पण खाली पार आतल्या थरापर्यंत गेलेला. आरशात हे मोठ्या छिद्रांसारखे दिसतात. दुसरा प्रकार रुंद, सपाट तळाचा, कडा उभ्या कापल्यासारख्या. कांजिण्यांचे वण पाहिले असतील, तसेच हे. कानशिलांवर हे जास्त असतात. तिसरा प्रकार उथळ आणि पसरट. कडा नीट सापडत नाही, पण उजेड तिरका पडला की गाल लाटांसारखा वरखाली दिसतो. या तिसऱ्या प्रकारात वरच्या कातडीत फारसा दोष नसतो. आत तंतू तयार होऊन त्यांनी कातडी खाली ओढून धरलेली असते. गोधडीत टाका पडतो तिथे कापड दबतं आणि आजूबाजूला फुगतं, नेमकं तेच गालावर झालेलं असतं. वरून कितीही इस्त्री फिरवली तरी टाका उसवल्याशिवाय ती जागा वर येणार नाही.

घरच्या घरी पाहायचं तर दिवसाउजेडी खिडकीला बाजू देऊन आरशासमोर बसा आणि दोन बोटांनी गाल हलकेच ताणा. ताणल्यावर जे खड्डे जवळपास नाहीसे होतात, ते ओढून धरलेले किंवा उथळ. जे ताणूनही तसेच राहतात, ते खोल. एवढ्या परीक्षेवर उपचार ठरत नाही, पण डॉक्टर काय सांगताहेत ते समजायला ती पुरते.

आता उपचार. अरुंद खोल खड्ड्यांवर लेझरचा परिणाम कमी होतो, कारण लेझर तळापर्यंत पोचत नाही. तिथे ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक आम्ल जास्त तीव्रतेचं, सहसा ७० ते १०० टक्के, टोकदार काडीने फक्त खड्ड्याच्या आत लावतात. थेंब बाहेर जाता कामा नये. क्षणात जागा पांढरी पडते, मग खपली धरते आणि काही आठवड्यांत तळ भरून येऊ लागतो. त्याला महिन्या-दीड महिन्याच्या अंतराने दोन-चार वेळा यावं लागतं. खर्च कमी, गाजावाजा काहीच नाही, म्हणून पॅकेजमध्ये तो सहसा नसतो. ओढून धरलेल्या लाटांसारख्या खड्ड्यांसाठी सबसिजन करतात. जागा बधिर करून कातडीखाली सुई किंवा बोथट कॅन्युला, म्हणजे बारीक नळी, घालायची आणि ते तंतू मोकळे करायचे. नंतर गाल आठ-दहा दिवस निळाकाळा दिसतो, कधी त्याहून थोडा जास्त. लेझर खरं काम करतो तो दुसऱ्या प्रकारावर, म्हणजे कडा असलेल्या, फार खोल नसलेल्या खड्ड्यांवर, आणि एकूण कातडीच्या खडबडीतपणावर. तुमच्या कानशिलांवरचे खड्डे या गटातले असावेत असा माझा अंदाज आहे. गालांचं मात्र पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही.

म्हणूनच "सहा सिटिंग लेझर-पीआरपी" असं सगळ्यांना सरसकट दिलं जातं, तेव्हा मला वाईट वाटतं. लोक ऊस बिलाचे पैसे, भिशीचे पैसे, लग्नासाठी बाजूला ठेवलेले पैसे घेऊन येतात. लाटांसारख्या खड्ड्यांच्या माणसाला सबसिजनशिवाय सहा वेळा लेझर केलं तर कातडी थोडी तुकतुकीत होते, खड्डे तिथेच राहतात. मग तो माणूस "लेझरनं काय होत नाही" म्हणून कायमचा हात झटकतो, आणि ज्याचा उपयोग झाला असता तेही करायचं राहून जातं.

आता लेझर नेमकं काय करतो ते पाहू. मुरमांच्या व्रणांसाठी सर्वांत जास्त वापरला जाणारा लेझर फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड. हा लेझर १९६४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये कुमार पटेल यांनी शोधला. ते जन्माने बारामतीचे आणि पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे विद्यार्थी. पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकांना हे ठाऊक असायला हवं असं मला नेहमी वाटतं. या लेझरच्या किरणांची तरंगलांबी १०,६०० नॅनोमीटर. ही लांबी पाणी शोषून घेतं आणि कातडीत पाणी भरपूर, त्यामुळे किरण पडतो तिथली पेशी क्षणात वाफ होऊन जाते. नव्वदच्या दशकात हा लेझर पूर्ण चेहऱ्यावरून फिरवत असत. परिणाम चांगला मिळे, पण वरचा सगळा थर निघून जाई, जखम भरायला आठवडे लागत आणि सावळ्या कातडीवर डाग पडायचा धोका मोठा असे. २००४ मध्ये फ्रॅक्शनल पद्धत मांडली गेली. तिच्यात किरण हजारो बारीक स्तंभांच्या रूपात पडतो आणि दोन स्तंभांमधली कातडी शाबूत राहते. त्या शाबूत कातडीतल्या पेशी सरकून जखम तीन-पाच दिवसांत वरून भरून काढतात. खाली मात्र उष्णतेने जुना कोलॅजन, म्हणजे कातडीला आधार देणारे प्रथिनाचे तंतू, आकसलेला असतो आणि शरीर नवीन कोलॅजन विणायला घेतं. हे विणकाम तीन ते सहा महिने चालतं. सिटिंगनंतर पंधरा दिवसांनी आरशात पाहून "काही झालं नाही" म्हणणं आणि "एकदम साफ झालं" म्हणणं, दोन्ही घाईचं. पंधरा दिवसांनी जे गुळगुळीत वाटतं त्यात बराच भाग सुजेचा असतो.

पीआरपी म्हणजे तुमच्याच रक्तातला, प्लेटलेट जास्त असलेला प्लाझ्मा. हातातून साधारण १० ते २० मिलिलिटर रक्त घ्यायचं, गोठू नये म्हणून सायट्रेट असलेल्या नळीत भरायचं आणि सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं. पहिल्या, हळू फेरीत तांबड्या पेशी खाली बसतात. वरचा पिवळसर प्लाझ्मा दुसऱ्या नळीत घेऊन पुन्हा, या वेळी जोरात, फिरवला की प्लेटलेट तळाशी गोळा होतात. वरचा पातळ भाग टाकून द्यायचा आणि तळाचा दोन-चार मिलिलिटर वापरायचा. निरोगी माणसाच्या रक्तात एका मायक्रोलिटरमध्ये दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात. चांगल्या पीआरपीत त्या तीन ते पाच पट, म्हणजे दहा लाखांच्या आसपास असाव्यात. प्लेटलेट फुटल्या की त्यांच्या आतल्या पिशव्यांमधून वाढ घडवणारी प्रथिनं बाहेर पडतात. ती जखमेकडे पेशी बोलावतात, नवीन रक्तवाहिन्या धरायला लावतात आणि कोलॅजन बनवणाऱ्या पेशींना कामाला लावतात. लेझरने जखमेचे हजारो बारीक मार्ग उघडलेले असतानाच हा प्लाझ्मा लावायचा, ही एकत्र उपचारामागची कल्पना. कल्पना सरळ आहे आणि शरीरशास्त्राला धरून आहे.

पुरावा काय सांगतो? चेहऱ्याच्या एका बाजूला फक्त लेझर आणि दुसऱ्या बाजूला लेझर अधिक पीआरपी, असे अभ्यास झालेले आहेत. २०११ मध्ये कोरियातल्या १४ जणांवर झालेल्या अशा अभ्यासात पीआरपीच्या बाजूची लाली सरासरी ८.६ दिवस टिकली, दुसऱ्या बाजूची १०.४ दिवस. व्रणही पीआरपीच्या बाजूला जास्त सुधारले. २०१४ मध्ये इजिप्तमधल्या ३० जणांच्या अभ्यासात पीआरपीच्या बाजूला परिणाम चांगला आणि बरं होणं लवकर, असं दिसलं. मला त्याहून मोलाची वाटते ती त्यातली दुसरी गोष्ट. पीआरपी सुईने टोचलं काय आणि लेझरनंतर नुसतं वरून लावलं काय, परिणामात फरक दिसला नाही. वरून लावलेल्यांना दुखलं मात्र खूपच कमी. पीआरपीने अंतिम परिणामात ठळक भर पडली नाही, असे अभ्यासही आहेत. सगळे अभ्यास लहान आहेत आणि प्रत्येकाची पीआरपी बनवायची रीत वेगळी आहे. किती फेऱ्या, किती वेगाने, किती दाट, सगळंच निराळं.

यावरून आणि रोज जे पाहते त्यावरून माझं मत असं झालं आहे : पीआरपीमुळे सूज-लाली लवकर उतरते, नोकरीवर दोन दिवस आधी जाता येतं, आणि व्रणांतही थोडी भर पडते. ज्यांना परवडतं त्यांनी ते जोडायला हरकत नाही. पण पैसे मोजकेच असतील आणि पीआरपी किंवा सबसिजन यांतलं एकच निवडायचं असेल, तर लाटांसारख्या खड्ड्यांच्या माणसाने डोळे झाकून सबसिजन निवडावं. सबसिजनने जी जागा मोकळी होते तिच्यात तेव्हाच थोडं पीआरपी सोडायचं, हा वापर मला लेझरवर टोचण्यापेक्षा जास्त पटतो. लेझरनंतर चेहरा पोळलेला असताना सुया टोचायला मी राजी नसते. वरून लावते, हातमोज्याच्या बोटांनी पसरते आणि वाळू देते.

इथेच एक गोष्ट नीट विचारून घ्या. तुम्हाला देणार ते खरंच पीआरपी आहे का? एकदाच घाईने फिरवून वरचा पिवळा प्लाझ्मा सगळाच्या सगळा वापरला, तर त्यात प्लेटलेट रक्ताएवढ्याही नसतील. दिसायला दोन्ही पिवळेच. नळीतल्या प्लाझ्माचा थेंब पेशी मोजायच्या यंत्रावर लावून मोजणं अवघड काम नाही. प्रत्येक वेळी मोजणार नाहीत, पण "तुमच्या पद्धतीने किती पट मिळतात, कधी मोजलंय का?" हा प्रश्न रास्त आहे आणि चांगला डॉक्टर त्याने नाराज होत नाही. नळी, सुई, सिरिंज सगळं तुमच्यासमोर फोडलेलं नवं हवं आणि नळीवर तुमचं नाव रक्त काढतानाच लिहिलेलं हवं. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यातल्या एका स्पामध्ये पीआरपीचं फेशियल घेतलेल्या बायकांना एचआयव्हीची लागण झाल्याचं तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने २०२४ मध्ये जाहीर केलं. तिथे एकदा वापरायच्या वस्तू पुन्हा वापरल्या जात होत्या. रक्ताशी संबंध आला की ते ब्यूटी पार्लरचं काम राहत नाही. लेझरचंही तेच. मशीन कोण चालवणार, ते विचारा. "डॉक्टर कन्सल्टिंगला असतात, सिटिंग मॅडम करतात" असं उत्तर आलं तर त्या मॅडमचं शिक्षण विचारा. त्वचारोगाचं पदव्युत्तर शिक्षण झालेल्या डॉक्टरांनी स्वतः किंवा समोर उभं राहून करून घ्यावं, याच्या खाली येऊ नका. मनात शंका राहिली तर दुसरं मत घ्यायला कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग ओपीडीत जाता येतं. तिथे तुम्हाला पॅकेज विकायची कुणाला गरज नाही.

आता आईंची भीती. ती खरी आहे आणि मला तीच सर्वांत जास्त महत्त्वाची वाटते. आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीत रंग बनवणाऱ्या पेशी फार तत्पर असतात. मुरूम झालं, खरचटलं, भाजलं, की तिथे डाग उमटतो. लेझर ही मोजूनमापून केलेली भाजणीच आहे. त्यामुळे सिटिंगनंतर तीन-चार आठवड्यांनी करडी छटा येऊ शकते. ती बहुतेक वेळा काही महिन्यांत उतरते, पण लग्नाच्या फोटोंना थांबायला वेळ नसतो. हा धोका कमी करायचा सर्वांत मोठा उपाय डॉक्टरांच्या हातात आहे. किरणांच्या स्तंभांची दाटी कमी ठेवायची, एकाच जागेवर पुन्हा पुन्हा फिरवायचं नाही आणि दोन सिटिंगांत सहा ते आठ आठवड्यांचं अंतर ठेवायचं. गोऱ्या कातडीसाठी लिहिलेले आकडे मशीनच्या पडद्यावरून तसेच उचलले की डाग पडतात. पहिल्या वेळी कानासमोर, जबड्याच्या कडेला बोटभर जागेवर करून महिनाभर पाहावं, असा माझा आग्रह असतो. "डॉक्टर, एवढ्याशा जागेसाठी परत यायचं व्हय?" असं लोक म्हणतात. यायचं.

दुसरा उपाय तुमच्या हातात आहे आणि तो लेझरच्या आधीच सुरू होतो. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली गोरेपणाची क्रीम वापरत असाल तर आधी सांगा. त्यातल्या अनेक क्रीममध्ये स्टिरॉइड असतं, त्याने कातडी पातळ आणि चिडकी होते आणि मुरमंही उफाळतात. २०१८ मध्ये सरकारने स्टिरॉइडच्या बऱ्याच क्रीम चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी मैत्रिणीच्या पर्समधून त्या अजून फिरतात. अशी क्रीम अचानक बंद केली तर चेहरा लालबुंद होतो, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवायची आणि कातडी स्थिर झाल्याशिवाय लेझरला हात लावायचा नाही. मुरमांवरचं ट्रेटिनॉइन किंवा अ‍ॅडापलिन रात्री लावत असाल तर सिटिंगच्या आठवडाभर आधी थांबवा.

तुमच्या गोळ्यांबद्दल. आयसोट्रेटिनॉइननंतर सहा महिने काहीच करायचं नाही असा जुना नियम होता. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या गटाने पुरावा तपासून सांगितलं की फ्रॅक्शनल लेझरसाठी एवढं थांबायची गरज दिसत नाही. पूर्ण थर काढणारा लेझर आणि यंत्राने घासण्याची क्रिया मात्र टाळावी. तुमचे आठ महिने झालेत, म्हणजे जुन्या नियमानेही तुम्ही मोकळ्या आहात. पण एक गोष्ट आत्ताच लक्षात ठेवा. पुढे मुरमं परत उफाळली आणि त्या गोळ्या पुन्हा घ्याव्या लागल्या, तर गोळ्या चालू असताना आणि बंद केल्यावर निदान एक महिना दिवस राहता कामा नयेत. बाळात गंभीर व्यंग येतं. लग्नानंतर कोणत्याही डॉक्टरांनी त्या लिहून दिल्या तर हे बोलून घ्या. आणि मुरमं सध्या "क्वचित" येतात म्हणजे किती? महिन्याला एखादं असेल तर चालेल. दर आठवड्याला दोन दुखरी येत असतील तर आधी ती थांबवायची, कारण प्रत्येक दुखरं मुरूम नवा खड्डा पाडू शकतं.

पीआरपी कुणाला नको? प्लेटलेट कमी असतील, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, हिमोग्लोबिन फार खाली असेल, कर्करोगाचे उपचार चालू असतील, अंगात कुठला संसर्ग असेल किंवा दिवस गेलेले असतील तर नको. आपल्याकडे पावसाळ्यात डेंग्यू घरोघरी येऊन जातो. तुम्हाला तो या हंगामात झाला असेल तर रक्त तपासून प्लेटलेट पूर्ववत झाल्याची खात्री करा. सिटिंगच्या आधी आठवडाभर आणि नंतरही आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिनसारख्या वेदनाशामक गोळ्या टाळाव्यात, कारण त्या प्लेटलेटच्या आणि जखम भरण्याच्या कामात आड येतात. दुखलं तर पॅरासिटामॉल पुरेसं. डॉक्टरांनी अ‍ॅस्पिरिन हृदयासाठी दिलं असेल तर ते स्वतःहून बंद करायचं नाही. ओठांवर ताप येऊन गेल्यासारखे पाण्याचे फोड वारंवार येत असतील तर ते नागिणीच्या भाऊबंदांतल्या विषाणूचे असतात. लेझरनंतर ते चेहराभर पसरू शकतात, म्हणून आधीच अ‍ॅसायक्लोव्हिर किंवा तसलं औषध सुरू करावं लागतं. जखमेचा व्रण उंच, गाठीसारखा वाढायची सवय असेल, छातीवर किंवा खांद्यावर तसा असेल, तर तोही दाखवा. तिथे सगळा विचारच बदलतो.

सिटिंगच्या दिवशी बधिर करणारी क्रीम पाऊण ते एक तास लावून ठेवतात. त्याच वेळात रक्त काढून पीआरपी तयार होतं. लेझर स्वतः पंधरा-वीस मिनिटांचा. डोळ्यांवर धातूची झाकणं, खोलीत जळक्या केसांसारखा वास आणि चेहऱ्याला तिखटाचा हात लागल्यासारखी आग. ती दोन-तीन तासांत शमते. रात्री पीआरपी तसंच राहू द्यायचं, चेहरा धुवायचा नाही. दुसऱ्या दिवसापासून थंड पाण्याने हलकेच धुऊन साधं पांढरं पेट्रोलियम जेली जाड लावायचं, खपल्या पडेपर्यंत दिवसातून चार-पाच वेळा. हळद नाही, कोरफड नाही, शेजारच्या काकूंनी दिलेली बर्फाची चोळणीही नाही. चेहरा बारीक तपकिरी जाळीसारखा दिसतो आणि पाचव्या ते सातव्या दिवशी ती जाळी आपोआप सुटते. नखाने काढली तर तिथे डाग ठरलेला.

या सात-आठ दिवसांत उष्णता शत्रू समजा. तुमच्या कारखान्यात भट्टी आहे का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत भट्टीसमोर उभी राहणारी मुलं माझ्याकडे येतात, त्यांना मी दहा दिवसांची रजा असेल तरच तारीख देते. घरात हेच दिवाळीच्या फराळाचं. कढईसमोर तासभर चकल्या तळणं म्हणजे चेहऱ्याला ऊन लावण्यासारखंच आहे. खपल्या पडल्या की सनस्क्रीन रोज, ढगाळ दिवशीसुद्धा, एसपीएफ निदान ३० आणि शक्यतो रंगीत, ज्यात लोहाचे ऑक्साइड असतात. आपल्या कातडीवर डाग पाडण्यात डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाचाही हात असतो आणि साधं पांढरं सनस्क्रीन तो अडवत नाही. सकाळी एकदा लावून भागत नाही. दुपारच्या सुट्टीत पुन्हा लावा. दुचाकीवर स्कार्फ जरूर बांधा, पण सुती, सैल आणि रोज धुतलेला. घामेजलेला सिंथेटिक स्कार्फ गालावर घासत राहिला तर त्यानेच पुरळ येतं.

तिसऱ्या दिवसानंतर दुखणं कमी होण्याऐवजी वाढलं, पू आला, पाण्याचे फोड घोळक्याने आले किंवा ताप आला, तर फोनवर फोटो पाठवून उत्तराची वाट पाहत बसू नका. त्याच दिवशी जाऊन दाखवा.

किती फरक पडेल? खोली निम्म्याने कमी झाली तर मी त्याला उत्तम निकाल म्हणते. "एकदम प्लेन करून देतो" असं कुणी म्हणालं तर तिथून उठा. आधीचे फोटो एकाच उजेडात, एकाच कोनातून काढून ठेवायला सांगा आणि एक प्रत स्वतःकडे मागून घ्या. सहा महिन्यांनी तुमची आठवण आणि डॉक्टरांची आठवण वेगवेगळं सांगेल, फोटो सांगणार नाही.

आता तुमच्या तारखा. वैशाख म्हणजे एप्रिलअखेर ते मे. सहा सिटिंग त्याआधी बसवायच्या तर अंतर कमी करावं लागेल आणि मी ते करू देणार नाही. गणपती झाल्यावर लगेच तपासणी आणि बोटभर जागेवर चाचणी. नवरात्र ते दसरा तुम्ही मंदिरात, रांगेत, उन्हात असाल, तो काळ जाऊ द्या. अरुंद खड्ड्यांना आम्ल लावायचं आणि सबसिजन करायचं ते दिवाळीच्या आधी उरकता येईल. पहिलं लेझर दिवाळी संपल्यावर, नोव्हेंबरमध्ये. दुसरं जानेवारीच्या सुरुवातीला. तिसरं करायचं की नाही ते पहिल्या दोघांनंतर कातडी कशी वागली त्यावरून ठरवायचं, आणि करायचंच तर फेब्रुवारीच्या मध्याच्या आत. कारण मार्चमध्ये आपल्याकडे रंगपंचमी येते, चैत्रात जोतिबाची यात्रा आणि तिथला गुलाल. ताज्या कातडीत तो रंग घुसलेला मी पाहिला आहे. काढता काढता त्या मुलीच्या आणि आमच्या, दोघांच्या नाकी नऊ आले. शिवाय मार्चपासून ऊन चढतं. लग्नाच्या आधीचे दोन महिने कसलाही लेझर, पीलिंग किंवा नवीन फेशियल नको. फक्त सनस्क्रीन आणि मॉइश्चरायझर. हे पाळलं तर हळदीच्या दिवशी गालाला हळद लागायला माझी काहीच हरकत नाही.

पॅकेजचे पैसे एकदम भरू नका. प्रत्येक सिटिंगचे त्या त्या दिवशी द्या. आणि आई येणार असतील तर पहिल्या भेटीला त्यांना सोबत घेऊन जा, त्यांचा प्रश्न त्यांनाच विचारू द्या.